टेरीचा फॅक्स

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या दाढदुखीपासून सगळं ठाऊक असतं. मग आज तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. आतल्या आत फार कुजलंय, एवढंच.

नव्वदच्या दशकात मी कुवेतमध्ये एका कंपनीच्या पर्सोनेल खात्यात होतो. दिवसभर लोकांचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, आणि रजेचे अर्ज, संध्याकाळी अबू हलीफाच्या मैदानावर कंपनीची फुटबॉल टीम. मी कॅप्टन. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, पण हौस दांडगी. कंपन्यांच्या स्पर्धेत चार वर्षं आम्ही फायनलला पोचलो आणि चारही वर्षं हात हलवत परतलो.

त्यात टेरी आला. इंग्लंडचा, चक्क व्यावसायिक खेळाडू — म्हणजे तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधला. दहा वर्षांत सहा क्लब. दर वेळी उन्हाळ्यात तेच पत्र, आता तुमची गरज नाही. शेवटी कुणीच घेईना, म्हणून आमच्या गोदामात सुपरवायझर झाला आणि आमच्या टीमचा डावा बचाव सांभाळू लागला. इतका सुरेख खेळायचा की मला त्याचा रागच यायचा. एवढं येऊनही याला कुणी ठेवून घेत नाही? मग आम्ही कशाला धावतोय? तो मात्र क्लबांना पत्रं पाठवत राहायचा. उत्तरासाठी नंबर द्यायचा माझ्या टेबलावरच्या फॅक्सचा.

आणि उत्तर आलं. एका क्लबच्या डाव्या बचावपटूचा पाय मोडला होता. शुक्रवारपर्यंत पोचलास तर ट्रायल, जमलं तर दोन वर्षांचा करार. टेरी बत्तीस वर्षांचा होता — असं पत्र पुन्हा येणार नाही, हे मलाही कळत होतं. तिथे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच ठेवून घ्यायची; त्याचाही माझ्याच कपाटात होता.

पण शुक्रवारी आमची फायनल होती.

मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. विसरलो नाही, गडबडीत राहिला नाही — ठेवला. शुक्रवारी आम्ही जिंकलो. टेरीने मला खांद्यावर घेतलं. शनिवारी ऑफिस उघडताच मी कात्रीने कागदाची वरची पट्टी कापली — तारीख-वेळ तिथेच छापलेली असते ना — आणि गोदामात धावत गेलो. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत येऊन पडला असणार, म्हणालो. धाप लागली होती, तेवढी खरी.

इंग्लंडात सकाळ होताच त्याने तिथूनच फोन लावला. आदल्या संध्याकाळी त्यांनी दुसरा खेळाडू घेतला होता. टेरीने रिसीव्हर ठेवला आणि माझ्याच पाठीवर थाप मारली. अरे, मला शिव्या तरी घालायच्या होत्यास!

पुढे तो कुठल्याच क्लबकडून खेळला नाही. दहा वर्षांनी कुवेतमधल्याच महबूल्यात माझा निरोपसमारंभ झाला, तेव्हाही तो गोदामातच होता. उठून म्हणाला, "माझ्यासाठी आयुष्यात एवढं कुणी धावलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून मान लववली.

फायनलचा फोटो आमच्या पुण्याच्या घरात लावलाय. बायको पाहुण्यांना दाखवते, "बघा ना, किती खुश दिसतायत हे!"

फॅक्स बुधवारी आला होता. टेरी तेव्हा माझ्या टेबलासमोर बसून चहा पीत होता. मशीन वाजलं तशी त्याने मान वर केली. मी म्हणालो, "इन्शुरन्सचं काहीतरी आहे."