धुतलेलं रक्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला चढवलेलं रक्त धुतलेलं नव्हतं.

आई तेव्हा रत्नागिरीत दवाखान्यात होती. अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आजच द्यायला हवं. मी ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तो देवरूखकडचा, बौद्ध घरातला. आईला ते ठाऊक होतं. रक्तपेढीत रक्त देऊन तो तसाच खाटेपाशी येऊन उभा राहिला. हात दुमडलेला, कोपरात कापसाचा बोळा. आईने बोळा बघितला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"कोनाचा हाय रगात? नको मना. मरूं दे."

रक्तपेढीत मला सगळं समजावलं होतं. पूर्वी रक्त जसंच्या तसं चढवायचे. आता वरचं पिवळं पाणी काढून तांबड्या पेशी तेवढ्या देतात. आईला त्याच द्यायच्या होत्या. रक्त घेताना ज्यांना ताप भरतो, त्यांच्यासाठी पांढऱ्या पेशी गाळून काढतात. आणि ज्यांच्या अंगावर दर वेळी गांधी उठतात, श्वास कोंडतो, त्यांच्यासाठी पेशी सलाइनने धुतात. आईला त्याची गरज नव्हती. शिवाय आईला लावायची पिशवी मित्राच्या रक्ताची नव्हतीच, त्याच्या रक्ताच्या बदल्यात पेढीने दिलेली होती. पण तसं सांगितलं असतं तर आईने विचारलं असतं, मग कोनाची?

"आई, धुतलेलं आहे," मी म्हटलं. "मशिनीत धुतात. देणाऱ्याचं काही म्हणून उरत नाही त्यात."

आईने हात पुढे केला.

मित्र हसला. "कुठला साबण लावलास रे?"

मी पिशवीकडे बघत राहिलो. "येतो काकी," म्हणून तो गेला.

आई बरी झाली. घरी येईल त्याला सांगायची, मना धुतलेला रगात दिलानी. मी ऐकून घ्यायचो. पुढे ती गेली तेव्हा मित्र आला, खांदा दिला.

ते वाक्य आईचा जीव वाचवायला बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते शोधावं लागलं नव्हतं. तोंडात तयारच होतं.

आमची टेबलं अजून शेजारी आहेत. साबणाचं त्याने पुन्हा काढलं नाही. तुझ्या रक्तात धुण्यासारखं काही नव्हतं, हे त्याच्या तोंडावर म्हणणं माझ्याकडून अजून बाकी आहे.