सुतक कुणाला?

कॉलेजात माझा एक तास गाजलेला आहे. इतर वर्गांतली पोरंही येऊन खिडकीत बसतात. तो तास माझा नाही. हे मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही.

तास केरबाआप्पांचा. आप्पा धारूरच्या डोंगरात शेळ्या राखायचे. शाळेचं विचारलं की म्हणायचे, "गेलतो की येकदा. शेळी आत घुसली व्हती, तिला काढायला."

वनस्पतिशास्त्राची पोरं घेऊन मी त्या डोंगरावर गेलो होतो. समोर दोन निवडुंग, एक तीनधारी, एक फड्या. पायाशी दुधी, वीतभर उंचीचं रानतण. तीनधारी आणि दुधी एका कुळातले, फड्या परका, असं मी लॅटिन नावांनिशी सांगत होतो आणि पोरं जांभया देत होती. एकीने विचारलं, "सर, निवडुंग तर दोन्ही सारखेच दिसतात. मग?" मी व्याख्या पुन्हा म्हटली.

"आसं कावून सांगता, सर?" बांधावरून आप्पा बोलले. "सुतक इचारा की!"

"काय?"

"ह्यो तीनधारी मेला, तर सुतक कुणाला?" खाली उतरून त्यांनी तिघांनाही काटकी टोचली. तीनधारीतून पांढरा चीक आला, दुधीतूनही. फड्यातून नुसतं बुळबुळीत पाणी. "ही दोघं भावकी. फड्या शेजारी. आंघोळ केली की मोकळा."

"चीक तर रुईलापण असतो," एक पोरगा म्हणाला.

"मग फळ बघ, बे! ह्या दोघांच्या फळाला तीन खण हायेत, रुईला न्हाईत. येका खुणंवर भावकी जोडली तर वाटणीला समदं गाव उभं ऱ्हाईल."

"मग फड्या तीनधारीसारखा दिसतो कशामुळं?"

"उन्हामुळं. उन्हात पिढ्या काढल्या की पानं जात्यात, काटे येत्यात. ऊन येक म्हणून बाप येक व्हतो का? आन दुधीचा पणजा तीनधारीचाच. तिची वस्ती वल्या रानात पडली, ती बारकी ऱ्हायली."

उत्क्रांती आणि वर्गीकरण यांचं नातं एवढंच तर आहे, आणि ते मला कित्येक वर्षं नीट सांगता आलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून मी वर्गात 'सुतक कुणाला?' विचारू लागलो. फांद्या आप्पाच आणून द्यायचे.

एकदा तपासणीला बाहेरचे प्राध्यापक आले. तास ऐकून खूश झाले. "ही कल्पना कुठून सुचली?" आप्पा दारातच उभे होते, काखेत निवडुंगाचं पोतं. मी म्हणालो, "सुचली, सर." मग आप्पांकडे बोट दाखवून, "हे झाडं आणून देतात."

नंतर व्हरांड्यात आप्पा काखेतला काटा उपटत म्हणाले, "लई ग्वाड बोलता, सर. पण रुईचं फळ दावायचं इसरलात." पुढच्या वर्षी ते पोत्यात रुईपण घेऊन आले.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने चहा पुढे केला. "सर, आप्पा सांगायचे, कॉलेजच्या पोरांला मी शिकीवतो म्हणून. आमी लई हसायचो त्यांला. खरं व्हतं का वो?"

घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "झाडं आणून द्यायचे. फार मदत व्हायची."

मुलगा हसला. "तेच म्हणलं."

त्या घराला मी एक 'हो' देणं लागतो. अजून दिलेलं नाही.