आपाच्या पायाचा अंगठा

बेगडेवाडीत कुणालाही विचारा, ई-सेवा केंद्रातली उम्मेहानी माजोरी आहे. “सरपंच शेजारी उबा ऱ्हायला तरी मान वळवत न्हाई ती,” असं सांगताना केरबाआबा स्वतःची मान अशी ताठ करतात की गावभर नकला करणाऱ्या मलाही तशी जमत नाही.

साफ खोटं. उम्मेहानी म्हणजे माझी आपा, थोरली बहीण. तिची मान वळतच नाही. मानेच्या स्नायूंचं हाड झालंय. पाठीचं आणि डाव्या खांद्याचंही.

ती स्वतः सांगते, “पेशीवर एक प्रथिन असतं. बाहेरून ‘हाड कर’ असा निरोप आला तरच ते आत कळवतं. माझ्या जनुकात एक अक्षर बदललंय, म्हणून ते नको तेव्हाही आत कळवत सुटतं. स्नायूला मार लागला, सुई टोचली, की तिथं हाड.” दहा-वीस लाखांत एखाद्याला होतं. आईबापांकडून आलेलं नाही.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. नवव्या वर्षी ती स्टेशनच्या जिन्यावर पडली, पाठीवर गाठ आली. केरबाआबा हाडं बसवणारे. त्यांनी तीन आठवडे कोमट तेलानं ती गाठ रगडली. गाठ वाढली, तर जास्त रगडली. मग शहरातल्या डॉक्टरांनी कॅन्सर समजून तुकडा काढला. खांदा तिथंच थिजला. आणि या आजाराची खूण जन्मापासून समोर होती: दोन्ही पायांचे अंगठे आखूड, आत वळलेले. निदान होईपर्यंत सहा वर्षं सगळ्यांनी पाठ पाहिली. ‘चप्पल काढ’ म्हणायला कुणाची जीभ झिजत होती?

अकरा दिवसांपूर्वी गंजका पत्रा लागून तिचं बोट चिरलं. धनुर्वाताची सुई दंडात, स्नायूत देतात. तिचा उजवा हात तेवढा उचलतो. टायपिंग त्यानंच, घासही त्यानंच.

आरोग्य केंद्राच्या रांगेत मी म्हणाले, “आपा, या सिस्टर कुणाचं ऐकत नाहीत. ‘बाही वर, तिकडं बघा, झालं.’ लाव पैज.”

“लावली. ऐकलं तर महिनाभर कुणाची नक्कल करायची नाही.”

“आणि नाही ऐकलं तर?”

“माझा हात जाईल. आणखी काय हवं तुला?”

सिस्टर म्हणाल्याच, “बाही वर.” आपानं तिच्या डॉक्टरांचं पत्र पुढं केलं. “कागद सगळेच आणतात, बाई.”

“सिस्टर, मला वाकता येत नाही. माझी चप्पल तुम्ही काढाल?”

सिस्टर कुरकुरत उकिडव्या बसल्या. एक अंगठा पाहिला, दुसरा पाहिला. मग उठून पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं आणि आतून डॉक्टरांना बोलावलं. सुई कातडीखाली दिली, तीही बारीक.

आज केरबाआबा पेन्शनचा फॉर्म घेऊन आले. आपानं तो नीट भरून दिला. जाताना म्हणतात, “मान अजून ताटच हाय की गं पोरी. चार दिस चोळून देऊ का? च्!”

तो सूर, शेवटचा तो ‘च्’, मला नकलेसाठी अगदी नेमका सापडला होता. मी तोंड उघडलं. आपाच्या मागं होते मी, तिला दिसणं शक्यच नव्हतं.

“एकोणीस दिवस राहिलेत,” आपा म्हणाली.