कोंबडीवाल्या मावशी आणि माझा अर्ज

कोंबडी काखेत धरून मावशी तिच्या छातीवर हलकी फुंकर मारायच्या. पिसं बाजूला व्हायची, आतली पिवळसर कातडी दिसायची. "बग मास्तर, हिच्या अंगान मांस हाय, वारा नाय," म्हणायच्या. त्यात नेमकं काय बघायचं ते मला कधी कळलं नाही. मी मान डोलवायचो.

टिटवाळ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची जमिनीची एक पट्टी होती. बाकीची शेतं दिरांनी बिल्डरला दिली. मावशींनी ही पट्टी ठेवली आणि तिच्यावर गावठी कोंबड्या पाळल्या. त्यांच्यावरच त्यांचं घर चालायचं. आमच्या ग्रुपवर 'गावचं घ्या, ताजं घ्या' असे निरोप फिरत आणि रविवारी भिंतीपाशी रांग लागे.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल, माल देण्याआधी गिऱ्हाइकाची चौकशी करणारी. "कोन खानार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हातारं माणूस असलं तर तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, पाहुणे असले तर कोंबडा. एकदा कानाला फोन लावलेला एक तरुण 'कोई भी दे दो' म्हणाला, तर त्याला त्यांनी रांगेच्या शेवटी पाठवलं. "पयला बोलून घे बाबा. कोंबरीला घाई नाय."

माझी बायको आजारी होती. डॉक्टरांनी तिला सूप द्यायला सांगितलं तेव्हा मावशी दर दोन दिवसांनी स्वतः कोंबडी कापून, साफ करून डबा आणून द्यायच्या. आत यायच्या नाहीत. दारातूनच "प्याली काय?" एवढं विचारायच्या. ती प्यायची. शेवटी शेवटी तेवढंच प्यायची.

ती गेल्यावर मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. मराठीचा निवृत्त शिक्षक, घरात एकटा. अर्ज लिहायला लोकांना असाच माणूस हवा असतो. नव्या विंगेतल्या काहींची तक्रार होती की कोंबडा फार पहाटे आरवतो. कमिटीने महापालिकेला तेवढंच लिहायला सांगितलं आणि मी तेवढंच लिहिलं. मग वाचून पाहिलं तर अर्ज हलका वाटला. म्हणून शेवटी एक वाक्य जोडलं: 'सदर पक्षी रोगट असल्याने रहिवाशांच्या आरोग्यास गंभीर धोका संभवतो.' एकही रोगट कोंबडी मी पाहिलेली नव्हती. अर्जाला वजन हवं होतं, इतकंच.

महिनाभराने मावशी एक कागद घेऊन आल्या. त्यांना वाचता यायचं नाही. लग्नाच्या पत्रिकेपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मीच वाचून द्यायचो. ती महापालिकेची नोटीस होती. तिच्यात आरवण्याचा उल्लेखही नव्हता. माझं वाक्य होतं, जसंच्या तसं. मी ते स्पष्ट उच्चारांत वाचून दाखवलं. सवयीने तो आवाज लागतो.

मावशींनी कागदाची घडी घातली. मला वाटलं, कोणी लिहिलं ते विचारतील.

"मास्तर, तुजी बायको माज्या कोंबरीनं त नाय ना गेली?"

"नाही हो मावशी. तिचा आजारच वेगळा होता."

"मंग कागदान खोटा लिवतील काय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, आपण उत्तर लिहू, अजून मुदत आहे.

त्या दिवसापासून त्यांनी एकही कोंबडी विकली नाही. रविवारची रांग हात हलवून परत पाठवली. मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. कोंबड्या ठणठणीत आहेत असं त्यांनी तपासून लिहून दिलं. तो कागदही मीच वाचला. मावशींनी ऐकून घेतलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला. "तू चांगला मानूस. मना बरा वाटावा म्हनून वाचतस."

मावशी कोंबड्या विकेनात, कापेनात, नुसते दाणे घालत राहिल्या. एकेक करून मुंगसाने, कुत्र्यांनी नेल्या. पावसाळ्याआधी खुराडं रिकामं झालं आणि मावशी मोहन्याला लेकीकडे राहायला गेल्या. आमची बिल्डिंग आता पाकिटातलं चिकन आणते. ते कुठून येतं हे कोणी विचारत नाही, आणि कोण खाणार हेही.

गेल्या महिन्यात मावशी गेल्याचं कळलं. मी मोहन्याला गेलो. लेक सांगत होती, टिटवाळ्याचं कोणीही आलं की आई विचारायची: तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, बँकेतल्या बाईंचं बाळ, नव्या विंगेतली बाळंतीण, "बरी हायत ना सगली?" एकेका घराचं नाव घ्यायची. बरी आहेत म्हटलं तरी पुढच्या माणसाला पुन्हा विचारायची.

"मास्तर, कोंबड्यांना खरंच काही झालेलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "ते वाक्य मी लिहिलेलं. उगीच."

चहाचा कप हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग तो माझ्यासमोर ठेवला.

"मग आईला एकदा सांगायचं ना," ती म्हणाली.