चिकटवलेलं पान

जयूताई रागावल्या की आवाज खाली आणतात. त्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"मी कोण, ते आता हा ठरवणार?"

हा म्हणजे सुमीत. इंदूरच्या कंपनीचा ऑपरेटर. फ्रीगंजमधल्या एका सरकारी कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांची सर्विस बुकं स्कॅन करायचा ठेका त्याच्या कंपनीला मिळाला होता. साहित्यात एम.ए. करून घरी बसलेल्या मला कंपनीने नोंदी टाइप करायला ठेवलं होतं. व्हरांड्यात कटर मांडलेला असे. सर्विस बुकाची शिवण त्याखाली धरायची, दांडा दाबायचा, पानं सुटी. मग ती मशीनमध्ये. एका माणसाची सगळी नोकरी चहा निवायच्या आत कंप्युटरमध्ये जायची.

जयूताई त्याच कार्यालयात स्थापना, म्हणजे आस्थापना शाखेत. आम्ही दोघीच मराठी, म्हणून पहिल्या दिवशी डबे एकत्र उघडले आणि मग ती सवयच झाली. त्यांच्या डब्यात भरल्या वांग्याशेजारी इकडचा बाटीसारखा बाफला असायचा. वडील रमेश मुळ्ये इथेच नोकरीला होते. ते नोकरीत असतानाच गेले, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला अनुकंपा नियुक्ती मिळाली. जयंती रमेश मुळ्ये. घरात आणि कार्यालयात जयू.

पुढे आल्हाद टिल्लूंशी लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. भार्गवी.

त्या वेळी स्थापना शाखेत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते अण्णा. मुळ्यांचे जुने शेजारी. त्यांनी जयूताईंच्या सर्विस बुकाच्या पहिल्या पानावर दुसरं पान डिंकाने चिकटवलं आणि त्यावर नवं नाव लिहिलं. भार्गवी आल्हाद टिल्लू. आदेश नाही, अर्ज नाही. लग्नाला ते स्वतः जेवले होते, आणखी कागद कशाला?

कटरखाली शिवण गेली तेव्हा तो जुना डिंकही सुटला. एका पानाची दोन पानं झाली. सुमीतने दोन फायली केल्या. एकीत जयंती मुळ्ये. नेमणूक झाली, थोडी नोकरी, पुढे काही नाही. कंप्युटरने शेरा मारला, 'सेवा छोड़ी'. दुसरीत भार्गवी टिल्लू. पगारवाढी, बदल्या, रजा, सगळं आहे, नेमणूकच नाही. तिथे शेरा, 'नियुक्ति अप्रमाणित'. त्या शेऱ्यामागून नोटीस आली. महिनाअखेरपर्यंत नेमणुकीचा पुरावा द्या, नाहीतर सेवा समाप्त.

मी सुमीतला म्हटलं, ही एकच बाई आहे.

"दीदी, सरनेम बदलता है, वो समझ में आता है," तो म्हणाला. "पर पूरा नाम? ऊपर से पापा का भी?"

मी त्याला तांदळाचं सांगितलं. तो समोसा खात होता. थांबला.

"और मैडम मान गईं?"

ते मी जयूताईंना कधी विचारलंच नव्हतं.

कार्यालयाचे प्रमुख भदौरिया साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी जयूताईंना आत बोलावलं. फाइलवर मी काम करत होते म्हणून मलाही. शपथपत्राचा छापील नमुना त्यांनी पुढे सरकवला.

"देखिए भार्गवीजी, छोटी सी बात है. नोटरी करवा लीजिए, दोनों फाइलें जुड़ जाएँगी."

जयूताईंनी नमुना वाचला. मीही वाचला. 'मैंने विवाह के पश्चात स्वेच्छा से अपना नाम बदला.'

"हे मी लिहिणार नाही," त्या मराठीतच म्हणाल्या. साहेब माझ्याकडे बघू लागले.

"स्वेच्छा से नहीं बदला, सर," जयूताई म्हणाल्या.

"अरे मैडम, सब यही लिखते हैं."

"सब लिखें."

"नौकरी का सवाल है."

"नौकरी जयंती को मिली थी, सर. बाप मेरा मरा था. भार्गवी का यहाँ कौन मरा?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

संध्याकाळी आल्हादभाऊ त्यांना न्यायला आले. फाटकाशी स्कूटर चालू ठेवूनच बोलत होते. "सही करून टाक ना, भार्गवी. कोण वाचून राहिलंय ते?"

"मी वाचलं."

"एवढ्या वर्षांनी? घरात तुला काही कमी आहे का?"

"तुम्ही टिल्लूच आहात ना अजून? आल्हादच ना?"

"म्हणजे?"

"मग तुम्हाला नाही कळायचं. चला, पेट्रोल जळतंय."

दुसऱ्या दिवशी डबा उघडला नाही. "चल अण्णांकडे," त्या म्हणाल्या. पर्समध्ये कोरा कागद होता. मी गाडी काढली.

अण्णा निवृत्त झालेत, क्षीरसागर भागात राहतात. आता ऐकू कमी येतं, पण दारातच त्यांनी ओळखलं. "ये ये, जयू. किती दिवसांनी."

त्या बसल्या नाहीत. "अण्णा, माझ्या सर्विस बुकात नाव कुणी बदललं?"

"मीच. दुसरा कोण?" अण्णा हसले. "तू सुट्टीवरून यायच्या आधी काम फत्ते. तुला चकरा नकोत म्हणून."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? लग्न झालं की नाव बदलतं. आपल्यात असंच आहे."

"मी सुट्टीवरून आले आणि सह्यांच्या रजिस्टरात माझं नाव शोधत होते. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. इथे सही कर, म्हणालात. सगळी शाखा टाळ्या वाजवत होती. ऑफिसात तरी जयंती राहू दे, असं मी घरी सांगून आले होते. भांडून आले होते, अण्णा."

"मग तेव्हा बोलायचं होतंस."

"कुणाशी? तुमच्याशी? बाबा गेल्यावर नोकरीचा अर्ज तुम्ही लिहून दिला होतात. तुमच्यापुढे मी तोंड उघडलं असतं?"

अण्णा म्हणाले, "पोरी, भलं करायला गेलो मी."

"तुम्ही आजही मला जयूच म्हणता. एकदा तरी भार्गवी म्हणालात?"

मी भिंतीकडे बघत होते. इतक्या वयाच्या माणसाशी कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता या थांबतील, वाकून नमस्कार करतील. त्यांनी कागद काढला.

"लिहा. हे नाव मी बदललं. आदेश नव्हता, अर्ज नव्हता, कर्मचाऱ्याला विचारलं नव्हतं."

"माझ्याच हाताने माझ्याविरुद्ध लिहून घेतेस?"

"हो."

अण्णांनी लिहिलं. ओळ सरळ होती. आतून सुनेने चहा आणला. जयूताईंनी कपाला हात लावला नाही. अण्णांनी कागद दिला आणि तोंड फिरवलं.

भदौरिया साहेबांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. आदेशच नाही, तर नाव बदललंच नाही. नियम जयूताईंच्या बाजूने होता, त्यामुळे साहेबांनाही सोपं गेलं. सुमीतने दोन्ही फायली जोडल्या. वर एकच नाव राहिलं. जयंती रमेश मुळ्ये. नोटीस मागे घेतली गेली.

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "हे माझंच होतं. ते मिळवायला म्हाताऱ्याला रडवावं लागलं."

पहिल्या तारखेला सगळ्यांचा पगार झाला. त्यांचा परत आला. ट्रेझरीने जयंतीच्या नावाने पाठवला होता, आणि खातं भार्गवीचं. बँकेत जयंती नावाचं कुणी नव्हतं.

मी काही बोलणार होते.

"चूप," त्या हळू आवाजात म्हणाल्या. भार्गवीच्या नावाचं आधारकार्ड पर्समध्ये टाकलं. "आधी हे बदलायचं, मग बँक. देवास गेटच्या केंद्रावर रांग असते. तू गाडी काढ."