लपाछपीतलं ई, अर, सान

मंडळी, झालं ते लगेच लिहून टाकतेय.

आज सकाळी नातीवर राज्य होतं. भिंतीकडे तोंड करून ती मोठ्यानं मोजायला लागली, "ई, अर, सान..." चिनी आकडे! हल्लीच तिला चिनीची शिकवणी लावलीय. मी धावत गेले आणि तिचं तोंडच दाबलं.

हे आकडे मीही शिकले होते, लहानपणी, इथंच कर्जतला. शेजारी मेई राहायची, चिनी घरातली; तिचे वडील दातांचे डॉक्टर. त्यांच्या नव्या वर्षाला तिची आई आम्हा दोघींना लाल कागदाचे कंदील करायला शिकवायची. कागदाची एक घडी घातली की एक आकडा म्हणायचा. लपाछपीतही आम्ही तसंच मोजायचो.

मग चीनशी लढाई सुरू झाली. एका संध्याकाळी मेई मोजत होती आणि रस्त्यावरची माणसं थांबली. कुणीतरी ओरडलं, "आयका, चिनीत काय बोलतेय ती!" तिच्या आईनं धावत येऊन तिचं तोंड दाबलं. माझ्या आईनं मला घरात ओढलं. "ते आकडे परत तोंडातून काढायचे नाय, कळलं गं?"

थोड्याच दिवसांत पोलीस मेईच्या घरच्या सगळ्यांना चिनी म्हणून घेऊन गेले. कुठं, ते आम्ही विचारलंसुद्धा नाही. इथल्या जुन्या कुणाला ते घर आठवतं का?

मी हात काढल्यावर नात हळूच म्हणाली, "आजी, माझं चुकलं का गं?"

"नाही बाळा, बरोबर मोजलंस," मी म्हणाले. पण त्याआधी रस्त्यावर कुणी थांबलंय का, ते बघून घेतलं.