लुआनबाईंची रिकामी खुर्ची

नदी गोठायला काहीच आठवडे उरले होते आणि आमच्या शाळेचा बॉयलर फुटला. मुलं हातमोजे घालून लिहू लागली. मी मुख्याध्यापक, त्यात तापट. तडक तालुक्याच्या खरेदी कार्यालयात लुआन शूझेन बाईंकडे गेलो. ठेकेदाराच्या चहालाही शिवायला नको म्हणून या बाई वर्षानुवर्षं घरून थर्मास आणतात.

“जुना बॉयलर तुमच्या भावानेच बसवलेला ना? द्या दाहाईलाच काम, संपला विषय!”

“थेट एकालाच द्यायचं तर ते दुसऱ्या कुणाला जमत नसलं पाहिजे, सर. इथे बॉयलरवाले चिक्कार आहेत.”

“मग जाहीर निविदा काढा.”

“तिची मुदत संपेपर्यंत तुमची पोरं गारठतील.”

“मग भाजीसारखं तीन ठिकाणी भाव विचारा, स्वस्त तो घ्या!”

“ते बाकांसाठी ठीक. तिथे एकदा दिलेला भाव बदलता येत नाही. तुमची इमारत जुनी, नळ वाकडे. आधी समोर बसून बोलायला हवं. आपण वाटाघाटी करू. तिघे तरी येतील, एकेकाशी बोलणं होईल, मग प्रत्येक जण शेवटचा भाव बंद पाकिटात देईल. घाईच्या कामाला कायद्यात ही वाट आहे. मात्र भाऊ येणार, म्हणून मी त्या खोलीत नसेन.”

मी धुसफुसतच अर्ज लिहून दिला.

बाईंची आई आमच्याच इमारतीत राहते. संध्याकाळी दारात कोबी खारवताना अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी कडाडली, “लेकीच्या हातात सरकारी शिक्का आणि भाऊ रांगेत! काय चाटायचीय असली लेक?”

दाहाई हसला. “आई, वरवरचं असतं गं ते. ताई आत असणारच.”

बाई बरणीत कोबी दाबत राहिल्या.

वाटाघाटीला दोन तज्ज्ञांसोबत शाळेतर्फे मी बसलो होतो. दाहाई नवं जाकीट घालून ऐटीत आला. नळांबद्दल झकास बोलला आणि भाव सांगितला तो अव्वाच्या सव्वा. मग त्याची नजर बहिणीच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

“ताई कुठंय?”

“कोण ताई?” तज्ज्ञाने चष्म्यावरून पाहिलं.

गड्याचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटचा भाव लिहायला बसला तेव्हा दोन कागद फाडले, तिसऱ्यावर लिहिलं. पाकिटं उघडली तर सर्वांत कमी भाव त्याचाच निघाला.

नदी गोठायच्या आत वर्ग उबदार झाले. त्या रविवारी बाईंच्या आईने मलाही डंपलिंग खायला बोलावलं. दाहाई फुरंगटून बसला होता.

“ताई, तुझ्यापायी या कामात मला फारसं काही सुटलं नाही.”

“मी आत असते तर खरा भाव लिहिला असतास?”

दाहाईने वाडगा आईपुढे केला. आईने झारा उचलला, लेकाचा वाडगा बाजूला सारला आणि पहिली वाफाळती डंपलिंग लेकीला वाढली.